गुड फ्रायडेची चादर

मी मशीनगन बोलतेय. दचकू नका, माझ्या पोटात आता गोळी नाही.

ज्या दाबयंत्राखाली माझं अंग घडलं, त्यावर आधी दुधाच्या कॅनची झाकणं निघत. ते चालवणारी आल्मा मला पुसता पुसता म्हणाली होती, "झाकणंच बरी होती गं." तिचं बोलणं मला लागलं. मिनिटाला हजारावर गोळ्या ओकणारी मी, केवढा तोरा माझा!

जर्मन फौजेत लोरेन्झ मला चालवायचा, वेंडेल गोळ्यांचा पट्टा धरायचा. माणूस मरताना मी जवळून कधी पाहिला नव्हता. लांबवर ठिपके पडायचे, एवढंच.

एकोणीसशे पंचेचाळीसच्या मार्चअखेरीस जर्मनीच्या हेसेन प्रांतातल्या खेड्यात आम्हाला एका घराच्या परसात बसवलं. अमेरिकी रणगाडे टेकडीपलीकडे येऊन ठेपले होते. घरमालकीण ओटिलीकाकूंनी संध्याकाळी दोघांना बटाट्याचं सूप वाढलं. "खा रे पोरांनो. आणि ते धूड माझ्या कोबीवर ठेवू नका!"

धूड म्हणजे मी.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही रस्त्यापलीकडे गेलो, आणि काकूंच्या खिडकीत पांढरी चादर दिसली. शरणागतीची. अशा घरावर गोळ्या झाडायचा हुकूम होता.

"ते काय आहे?" मागून आमच्या लेफ्टनंटनी विचारलं.

"धुणं आहे, साहेब," लोरेन्झ घाईघाईने म्हणाला.

"आज? गुड फ्रायडेला? माझी आई आज रुमालसुद्धा पाण्यात बुडवत नाही. तुझी बुडवते?"

त्या दिवशी कपडे धुणं तिथे अशुभ मानत. खरंच, अख्ख्या गावात दोरीवर चिंधी नव्हती.

"झाड गोळ्या!"

माझं तोंड खिडकीकडे वळलं आणि मी हादरले. तिथे ठिपका नव्हता. काकू होत्या. दातांत कपड्यांचा चिमटा धरून चादर नीट करत होत्या.

लोरेन्झने माझा दस्ता काढला, आतला गोळी डागणारा बोल्ट उपसला आणि शेजारच्या विहिरीत भिरकावला. त्याच्याशिवाय मी नुसती लोखंडी पन्हळ!

"माझीही नाही बुडवत, साहेब," तो म्हणाला.

पिस्तुलाचा एकच आवाज झाला. मी आयुष्यभर एवढा गोंगाट केला, पण त्या एका गोळीने माझी वाचाच बसली. वेंडेल हातात पट्टा धरून नुसता बघत राहिला.

तासाभरात रणगाडे आले. लेफ्टनंट केव्हाच पसार झाले होते. काकू रस्ता ओलांडून आल्या. खिडकीतली चादर काढून आणली होती, तिच्यातच त्यांनी लोरेन्झला गुंडाळलं.

आता मी गावच्या संग्रहालयात काचेमागे असते. खाली पाटी आहे, 'बोल्ट गहाळ'. परवा नवे व्यवस्थापक म्हणत होते, विहीर उपसून तो शोधू, म्हणजे वस्तू पूर्ण होईल.

कोणीतरी त्यांना सांगा हो, तो गहाळ झालेला नाही. लोरेन्झने ठेवलाय तिथे. राहू द्या.