फक्त जायचं तिकीट

"खोलीतून बाहेर पडू नकोस," मुलगा फोनवर म्हणाला. "संध्याकाळी विमानतळावर न्यायला गाडी येईल. तोपर्यंत झोप काढ."

आमचं पहिलं विमान उशिरा पोचलं आणि दुसरं आमची वाट न बघता उडून गेलं. म्हणून विमान कंपनीने आम्हा दोघी विहिणींना या अनोळखी शहरात एका हॉटेलच्या खोलीत आणून कोंडलं होतं. पडदे इतके जाड की बाहेर सकाळ आहे हेही कळू नये. खिडकी उघडत नव्हती. मी जोर लावून पाहिला.

"दिवसभर झोपून काय करू? जरा शहर बघून येतो की," मी म्हणाले. "पासपोर्टवर शिक्का मारून दिलाय बाहेर जायचा."

"आई, परक्या देशात हरवलीस तर? नको ते धाडस. आणि सारखं परत जायचं, परत जायचं लावलंयस ना, तेही आता डोक्यातून काढ. घराला गिऱ्हाईक आलंय. परत जाऊन तुला करायचंय काय?"

माझं डोकंच फिरलं. विहीणबाई लेकीकडे पाहुण्या म्हणून निघाल्या होत्या, त्यांचं जायचं-यायचं तिकीट होतं. माझं फक्त जायचं. "परतीचं नंतर बघू," असं मुलगा म्हणाला होता आणि मी मुकाट्याने मान डोलावली होती. घर दोनच खोल्यांचं, पण माझ्या पगारावर उभं राहिलेलं. मुलाने सगळं माझ्या भल्यासाठीच ठरवलं होतं, यात शंका नाही. भलं करणाऱ्याशी भांडता येत नाही, हीच तर पंचाईत.

फोन विहीणबाईंचा होता. तो त्यांच्या हातात दिला आणि चपला घातल्या.

"कुठे निघालात?"

"बसने. शेवटच्या स्टॉपपर्यंत."

"कुठल्या बसने?"

"येईल त्या."

विहीणबाई म्हणजे मानापानात मुरलेली बाई. जावयाचा शब्द त्यांच्या लेखी काळ्या दगडावरची रेघ. पण मला एकटीला जाऊ दिलं तर त्याच जावयाला तोंड काय दाखवणार? "अहो, थांबा तरी," म्हणत त्या पदर खोचून मागे आल्या. हॉटेलचं कार्ड मात्र आठवणीने पर्समध्ये टाकलं त्यांनी.

मी बस कंडक्टर होते. उभी नोकरी बसमध्ये गेली, पण बसले कधी? सीटच्या दांड्याला कंबर टेकवून तिकिटं फाडली. हा मुलगा पोटात होता तेव्हाही फाडली. "पुढे सरका" ओरडून घसा बसला, पण अगदी पुढच्या सीटवर मोठ्या काचेतून रस्ता बघत जायचं, ते सुख कायम दुसऱ्यांचं. आज समोर आलेल्या बसमध्ये ती सीट रिकामी होती. मी विहीणबाईंना आत ढकललं आणि शेजारी ऐसपैस बसले.

"तिकीट?" त्यांनी विचारलं.

"आपल्याला कशाला?" मी म्हणाले.

हे मी विचार न करता म्हणाले. कंडक्टरला बसमध्ये तिकीट काढायची सवयच नसते. चढायचं आणि ड्रायव्हरकडे बघून मान हलवायची, की झालं. इथेही मी मान हलवली होती. त्यानेही हलवली. मला वाटलं, ओळख पटली.

रस्ता काय सुंदर दिसत होता! एक बाई दुकानाचं शटर वर करत होती, रंगारी शिडीवर चढून भिंत रंगवत होता, शाळेची पोरं रांग मोडून मास्तरांच्या शिव्या खात होती. भाषा कळत नव्हती, पण शिव्या कळल्या.

तेवढ्यात कमरेला यंत्र लावलेली तपासनीस बाई पुढ्यात उभी राहिली. तिने हात पुढे केला आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. घाईघाईने मी निवृत्त कर्मचाऱ्याचा पास काढून दाखवला. तिने फोटोतला गणवेश पाहिला, मग मला पाहिलं. क्षणभर हसली. मग त्याच हसऱ्या तोंडाने दाराकडे बोट दाखवलं.

उतरलो. मला तिचा राग आला नाही. मीही असेच उतरवायचे, कोणी रडलं तरी उतरवायचे.

"शोभा झाली हो!" विहीणबाई रडवेल्या झाल्या. "आता टॅक्सी करू आणि खोलीवर जाऊ."

"आता तिकीट काढू आणि पुढे जाऊ. शेवटचा स्टॉप कुठे आलाय अजून?"

विहीणबाईंनी पर्समधून लेकीने अडीनडीला दिलेलं बँकेचं कार्ड काढलं. पुढच्या बसमध्ये चढल्यावर ते यंत्राला दोनदा टेकवलं आणि माझ्याआधी खिडकी पकडली.

शेवटच्या स्टॉपला नदी होती. ओळीने बस उभ्या होत्या आणि एक ड्रायव्हर जुन्या कागदाने आरसा पुसत होता, अगदी आमच्या डेपोतल्यासारखा. आम्ही बाकावर विमानातला उरलेला पाव खात बसलो. विहीणबाईंनी चपला काढून पाय गवतात सोडले. मला फार आनंद झाला होता. एवढा आनंद शेवटचा कधी झाला होता ते आठवेना, म्हणून रागही आला.

विहीणबाईंचा फोन वाजला. नाव बघून त्यांनी तो माझ्या हातात दिला.

"आई, कुठे आहेस तू? हॉटेलवाले म्हणतात खोली रिकामी आहे!"

"शेवटच्या स्टॉपवर."

"तुला सांगितलं होतं ना—"

"सांगितलंस. सांगतोच आहेस. आता ऐक. माझ्या बसमध्ये दारुडा चढला, भांडखोर चढला, तरी मी आधी एकच विचारायचे, कुठे जायचंय? तू माझं तिकीट काढलंस, घराला गिऱ्हाईक शोधलंस, आणि एवढं एक विचारलं नाहीस."

विहीणबाईंचा पाव हातातच राहिला.

"विचार," मी म्हणाले.

"काय विचारू?"

"तेच."

त्याने घसा साफ केला. मला त्याची कीव आली, शेवटी पोटचा गोळा. पण मी मदत केली नाही.

"कुठे जायचंय, आई?"

"आधी तुझ्याकडे. नातवाला पोटभर बघायचंय. मग माझ्या घरी. घर विकायचं नाही. परतीचं तिकीट आजच काढ. नाही काढलंस, तर संध्याकाळच्या विमानात तुझ्या सासूबाई एकट्या बसतील."

विहीणबाईंनी माझ्या हातातून फोन ओढून घेतला. मला वाटलं, आता जावयाची माफी मागतात.

"जावईबापू," त्या म्हणाल्या, "मीही बसणार नाही हं."