मांडवातल्या शेवटच्या माणसाला दिसणारे घड्याळ

मी एक जुने मनगटी घड्याळ आहे. जुने आणि मोठे. मोठे हे मुद्दाम सांगतो, कारण माझी सगळी कहाणी त्या एका शब्दाने बिघडली आहे. मित्रांनो, या घडीला मी मौद्याजवळच्या एका गावात, बैलांच्या गोठ्यात, खिळ्याला टांगलेला आहे. पलीकडे खळ्यावर गव्हाचे थ्रेशर धडधडते आहे. माझी टिकटिक चालू आहे, पण माझे कान त्या यंत्राकडे लागले आहेत. तिकडून दुसरा कुठला आवाज येऊ नये, एवढीच माझी इच्छा आहे. तोवर तुमच्याशी बोलतो, म्हणजे जीव थोडा थाऱ्यावर राहील.

माझा जन्म परदेशातल्या एका कारखान्यात झाला. तिथे मला घडवले ते पाण्यात सूर मारणाऱ्या, डोंगर चढणाऱ्या आणि सायकलींच्या शर्यती जिंकणाऱ्या माणसांसाठी. त्यांची मनगटे जाडजूड, म्हणून मीही तसाच. स्टीलची भक्कम केस, जाड काच, अंधारात हिरवे चमकणारे काटे आणि बाजूला हरभऱ्याएवढी चावी. मी दिसायला रुबाबदार होतो, हे सांगायला मला संकोच वाटत नाही. रुबाब कुणाच्या हातावर शोभेल, हे ठरवणे मात्र कधीच माझ्या हातात नव्हते.

फिरत फिरत मी नागपूरला सीताबर्डीवरच्या एका दुकानात आलो. त्या काळात परदेशी घड्याळे कशी फिरत फिरत येत, ते तुमच्या घरच्या मोठ्यांना विचारा. एकोणीसशे अडुसष्ट-एकोणसत्तरची गोष्ट असेल. दुकानाचे मालक कृष्णकांत मला काचेच्या कपाटात मधोमध ठेवत. लोक थांबून बघत, हातात घेऊन वजन करत आणि शेजारचे लहान घड्याळ विकत घेऊन निघून जात. मला याचा फार राग येई. आज वाटते, शहाणी माणसे होती ती.

मग एके दिवशी शालिकराम आले. उंचपुरे शेतकरी, नांगर धरून धरून मनगटे खांबासारखी झालेली. थोरल्या मुलीचे, मनकर्णाचे लग्न ठरले होते आणि जावयाला घड्याळ द्यायचे होते.

"सगळ्यात मोठं कोणतं आहे, ते काढा," ते म्हणाले.

कृष्णकांतांनी मला काढले. "हे खेळाडूंचं घड्याळ आहे. घालून पोहा, पळा, सायकल चालवा, याला काही होत नाही."

"जवाई काय तलावात राहते काय गा?" शालिकराम हसले. "लग्नात द्याचं आहे. मांडवातल्या शेवटच्या माणसाले दिसलं पाहिजे."

"पण जावयांचं मनगट कसं आहे? घड्याळाची टोकं मनगटाबाहेर गेली, की ते हातावर ठरत नाही. हातभर फिरत राहतं."

"माणसाचं मनगट माणसासारखंच असन न," असे म्हणून शालिकरामांनी मला स्वतःच्या हातावर चढवले. मी तिथे असा बसलो, की जणू त्यांच्यासाठीच घडलो होतो. त्यांनी हात लांब धरून बघितला, जवळ धरून बघितला आणि खूश झाले. गिऱ्हाईक खूश झाल्यावर कोणता दुकानदार वाद घालतो? कृष्णकांतांनी मला मखमलीच्या डबीत ठेवले.

घरी पोचलो तेव्हा ओसरीवर कासार बसला होता. बायकांना बांगड्या भरणे चालले होते. तो एकेकीचा हात हातात घेई, अंगठ्याखाली दाबून बघे आणि मगच बांगडी निवडी. मनकर्णाचा हात तर त्याने दोनदा दाबून पाहिला. काचेच्या बांगडीसाठी एवढी काळजी! आणि माझ्यासाठी? नवऱ्या मुलाच्या अंगठीसाठी दोऱ्याने बोटाचे माप आणले होते, कोटासाठी खांद्याचे आणले होते. मनगटाचे माप मात्र कुणी मागितले नव्हते. घड्याळ मानाचे असते, आणि मान मोठाच द्यायचा, असे सगळे धरून चालले होते. त्याच संध्याकाळी मला पहिल्यांदा भीती वाटली.

ती खरी ठरली. नवरदेवाचे नाव केशव. कामठीच्या एका पॉवरलूम कारखान्यात तो फिटर होता. मुलगा गुणी, शांत, पण हाडापेराने अगदी किरकोळ. मांडवात शालिकरामांनी मला त्याच्या मनगटावर बांधले आणि हात उंच करून सगळ्यांना दाखवला. वाहवा झाली. हात खाली येताच मी गर्रकन फिरून तळव्याच्या बाजूला गेलो. ते फक्त मनकर्णाने पाहिले.

कामठीला आल्यावर केशवने चांभाराकडून पट्ट्याला आरीने जास्तीची भोके पाडून घेतली. तरी मी ढिलाच. शिवाय पट्ट्याचे उरलेले टोक बाहेर लोंबायचे. ते कापून टाकायचे, तर सासऱ्यांची वस्तू कापली असे होणार. माझी चावी त्याच्या हाताला रुतायची, तिथे लाल वण पडला होता. मी त्याला टोचत होतो, पण मला स्वतःहून दूर होता येत नव्हते. वस्तूचा जन्म हा असा असतो, मित्रांनो.

आणि त्याचा कारखाना! वर छताला एक लांब फिरता दांडा, त्यावर चाके, प्रत्येक चाकावरून खाली मागाकडे धावणारा चामड्याचा पट्टा. पट्टे घसरायचे, आणि ते पुन्हा चढवायचे काम केशवचे. सगळे बंद करून चढवायला वेळ कुणाला? दांडा फिरतच असायचा. मी त्या पट्ट्यांकडे बघायचो आणि माझ्या लोंबत्या टोकाकडे बघायचो. मला ते लक्षण चांगले दिसत नव्हते.

मनकर्णालाही दिसत नव्हते. "कामावर जातानी काढून ठेवत जा न जी," ती म्हणाली. केशवने ऐकले. तो मला घरच्या कोनाड्यात ठेवून जाऊ लागला. किती बरे दिवस होते ते! मी कोनाड्यात पडून असायचो, काही काम नाही, पण मनाला घोर नाही.

मग एका बाजाराच्या दिवशी शालिकराम न कळवता आले. ताट वाढले गेले. केशव जेवणापुरता घरी आला होता, तो शेजारी बसला. सासऱ्यांची नजर आधी जावयाच्या रिकाम्या मनगटावर गेली आणि मग कोनाड्यावर.

"जवाईबापू, घड्याळ काहून कोनाड्यात ठेवलं?"

"मामाजी, कामावर अडकते जी ते, म्हणून..."

"आवडलं नसन तं तसं सांगाचं होतं."

एवढेच बोलून शालिकराम भरल्या ताटावरून उठले. मनकर्णा "बाबा, बाबा" करत दारापर्यंत गेली, पण त्यांनी टोपी डोक्यावर ठेवली आणि एसटी गाठली. लग्नात रुसायचा मान जावयाचा असतो. इथे सासराच रुसून बसला. मला त्या म्हाताऱ्याचा संताप आला, आणि त्याहून जास्त केशवची कीव आली. त्याने हात धुतले, मला उचलले आणि हातावर बांधले. वाढलेल्या ताटावरून माणूस उठून गेला, हे त्याच्या मनाला फार लागले होते.

"राहू द्या न जी," मनकर्णा म्हणाली.

"नाही वं. पुन्हा आले आणि दिसलं नाही तं?"

त्यानंतर त्याने मला कधीच काढले नाही. मी रोज त्या पट्ट्यांखाली जायचो आणि रोज सुखरूप परत यायचो. रोज परत येतो म्हणून केशवची भीती मोडली. माझी वाढत गेली.

त्या दिवशी दुपारी एक पट्टा घसरला. केशवने नेहमीसारखा डावा हात वर नेला. मी सर्रकन मनगटावरून खाली घसरलो, माझे लोंबते टोक फिरत्या पट्ट्याखाली गेले, माझ्यामागे त्याचा हात ओढला गेला, आणि पुढचे सगळे इतके झटकन झाले, की कुणाला ओरडायलाही सवड मिळाली नाही. एकटा केशव ओरडला. सगळ्या मागांच्या खडखडाटावर तो आवाज मला ऐकू आला. माझी काच तडकली, पण मी बंद पडलो नाही. मला मजबूत बनवले होते ना!

कामठीहून त्याला धंतोलीच्या एका दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी हात वाचवला. दोन बोटे गेली.

शालिकराम धावत आले. दवाखान्याच्या व्हरांड्यात मनकर्णा बसली होती. ती रडली नाही. तिने पदराची गाठ सोडून मला बाहेर काढले आणि वडिलांपुढे धरले.

"बाबा, हे घालून पाहा."

त्यांना काही समजेना. तिने स्वतःच मला त्यांच्या मनगटावर चढवले, चांभाराने पाडलेली भोके सोडून पहिल्याच भोकात अडकवले. मी घट्ट बसलो. इकडे हललो नाही, तिकडे हललो नाही. शालिकरामांनी मनगट फिरवून पाहिले.

"हे तं माह्याच मापाचं आहे वं," ते हळूच म्हणाले.

"हो बाबा. तुम्ही तुमच्याच हातावर घालून आणलं होतं."



केशवला पुढे त्याच कारखान्यात कापडाचे थान मोजायचे काम मिळाले. त्याने सासऱ्यांना कधी शब्दाने दुखावले नाही. शालिकरामांनी मात्र मला हातावरून उतरवलेच नाही. काच बदलली, पट्टे बदलले, पण मी तिथेच. लोकांना वाटे, म्हाताऱ्याला मोठ्या घड्याळाची हौस आहे. ते वेळ बघायला माझ्याकडे बघत नसत, हे मला ठाऊक होते. त्यांनी मला शिक्षा म्हणून बांधून ठेवले होते.

वर्षे गेली. शेतात विहिरीवर मोटार आली, गावात भाड्याचे थ्रेशर येऊ लागले. आणि एका हिवाळ्यात शालिकराम तापाने अंथरुणाला खिळले. उठले तेव्हा अंगावर मांस उरले नव्हते. मी त्यांच्या हातावर फिरू लागलो. त्यांनी पट्टा एक भोक आत घेतला, मग आणखी एक. भोके संपली तेव्हा पोती शिवायचा दाभण घेऊन ओसरीवर बसले आणि पट्ट्यात खुपसला. तो आवाज ऐकून मला कामठीचा चांभार आठवला. पट्ट्याचे टोक पुन्हा बाहेर लोंबू लागले. मी पुन्हा मनगटावर खाली-वर घसरू लागलो. मला ओरडून सांगायचे होते, पण मला टिकटिकीशिवाय दुसरे काही येत नाही.

आज सकाळी थ्रेशर आले. ट्रॅक्टरच्या चाकावरून त्याला पट्टा लावला, तेव्हा माझे काटे थरथरले. शालिकरामांनी बाह्या सारल्या आणि गव्हाच्या पेंढ्या यंत्रात लावायला निघाले. माहेरपणाला आलेली मनकर्णा दारात होती. "बाबा, घड्याळ काढा," ती म्हणाली.

"जवाईबापूंनी नव्हतं काढलं," म्हातारा म्हणाला. "मी काहून काढू?"

तेव्हा तिच्याबरोबर आलेला केशव पुढे झाला. त्याने आपला तो डावा हात सासऱ्यांपुढे धरला. तीन बोटांचा हात, भर उन्हात, सगळ्यांसमोर. इतकी वर्षे तो खिशात ठेवायचा.

"मामाजी, मी एकदा तुमचं मन राखलं. आता तुम्ही माहं राखा."

शालिकराम त्या हाताकडे बघत राहिले. मग त्यांनी आपले मनगट पुढे केले. केशवने तीन बोटांनी ते धरले आणि उजव्या हाताने माझा पट्टा सोडला. इतक्या वर्षांनी माझ्याखालच्या कातडीला वारा लागला. ती पांढरी पडली होती. केशवनेच मला इथे गोठ्यात आणून टांगले.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, कुणाला प्रेमाने काही द्याल. द्या, अवश्य द्या. पण आधी त्याचा हात हातात घेऊन बघा, कासार बघतो तसा. आणि दिल्यावर ती वस्तू त्याने वापरली, की काढून ठेवली, याची मोजदाद करू नका. मनगट बारीक होते, माणसे बदलतात, आम्ही वस्तू मात्र तेवढ्याच राहतो. आम्हाला वेळेवर उतरवणे तुमच्याच हातात आहे.

थ्रेशर अजून चालूच आहे. म्हातारा हट्टी आहे, उन्हात अजून पेंढ्या लावत असेल. मी कान देऊन ऐकतो आहे. आतापर्यंत तरी फक्त यंत्राचाच आवाज येतो आहे.