बल्गेरियाच्या कुत्र्यांची वर्गणी

रविवारी सकाळी दूध आणि कोथिंबीर घेऊन स्वप्नील घाग लिफ्टमध्ये शिरला, तर आत पाचव्या मजल्यावरचा पराग मेहता. हसून म्हणाला, “क्या स्वप्नीलभाई, इस साल माघी में भी बप्पा बिठा रहे हो? बताया नहीं!”

“कौन बोला?”

“वाइफ बोली. तुम्हारी सान्वी रसीद फाडके गई ना घर पे. पाँच सौ का.”

चौथा मजला आला. स्वप्नील उतरला, आणि कोथिंबिरीची जुडी लिफ्टमध्येच राहिली.

आता एवढ्याशा वाक्याने माणसाच्या तोंडचं पाणी का पळावं, हे कळायला थोडं मागे जावं लागेल. इंद्रलोक वसाहतीतल्या या सात मजली बिल्डिंगचं एक गणेशोत्सव मंडळ आहे आणि स्वप्नील त्याचा खजिनदार. हौसेने नाही हो झाला! मीटिंगला उशिरा पोचला, तोवर बाकीच्यांनी त्याच्या गळ्यात घालून टाकलं होतं. पण घेतलं ते काम त्याने मनापासून केलं, पै न् पै लिहून ठेवली. आणि तरी सप्टेंबरात, गच्चीवर सगळ्या बिल्डिंगसमोर हिशेब वाचत असताना, दुसऱ्या मजल्यावरचे धर्माजी पाटील उठून उभे राहिले.

हे धर्माजी मूळचे जवळच्याच राईगावचे. जकात नाका होता तेव्हा तिथे नोकरीला, म्हणजे जन्म गेला ट्रकवाल्यांच्या पावत्या वाचण्यात. म्हणाले, “हॅलोजनचा बिल, सहाशे चाळीस. त्यावर तारीख न्हाय. तारीख न्हाय तर तो बिल न्हाय.”

झालं. कोणीतरी खुसकन हसलं. दुकानदार तारीख घालायला विसरला, यात स्वप्नीलचा काय दोष? पण तो ततपप करत उभा राहिला आणि लोकांना जे दिसायचं ते दिसलं. पुढे महिनाभर पार्किंगमध्ये पोरं विचारायची, “खजिनदार, आज तारीख काय?” तेव्हापासून लिफ्टमध्ये धर्माजी दिसले की स्वप्नील चार मजले जिन्याने चढतो. आणि घरी जेवताना त्यांच्या नावाने जे काही बोलतो ते इथे लिहिण्यासारखं नाही.

असा हा मनुष्य घरात शिरला आणि दारातूनच ओरडला, “सान्वी!”

सान्वी सहावीत. समोर दुधाचा कप, ओठावर दुधाची मिशी.

“तू लोकांकडून पैसे गोळा केलेस?”

“हो. मी आणि वर्गातल्या संचिताने,” ती खुशीत म्हणाली. “अरे बाबा, सांगितलं होतं ना तुला, बल्गेरियातल्या कुत्र्यांसाठी.”

सांगितलं असणारच. स्वप्नील विमानतळावर कार्गोच्या ऑफिसात नोकरीला, रात्री नऊला येतो आणि अर्धं बोलणं मोबाइलकडे बघत ऐकतो. शाळेतल्या मृणालिनी मॅडमनी सान्वीच्या वर्गाची बल्गेरियातल्या एका शाळेशी ऑनलाइन मैत्री लावून दिली होती. तिथल्या मुलांनी कॅमेऱ्यावर दाखवलं, त्यांच्या गावात बेवारशी कुत्र्यांचं एक घर आहे आणि बर्फाच्या भाराने त्याचं छप्पर बसलंय. सत्तर कुत्री उघड्यावर. सहावी ‘ब’ने ठरवलं, आपण पैसे पाठवायचे. घरोघर मागायचे म्हणजे वर्गणी, आणि वर्गणी म्हणजे पावती, एवढं तर बिल्डिंगमधल्या पोरांना रांगता येत नसल्यापासून कळतं.

“आणि पावत्या कुठल्या फाडल्यास?”

“टीव्हीखालच्या ड्रॉवरमधल्या. एक पुस्तक कोरंच होतं.”

वर गणपतीचं चित्र, खाली मंडळाचं नाव, कोपऱ्यात ‘खजिनदार’ आणि त्याची स्वतःची सही! सप्टेंबरात वेळ वाचावा म्हणून शहाण्याने अख्ख्या पुस्तकावर आधीच सह्या करून ठेवल्या होत्या. मंडळाच्या पावतीवर, खजिनदाराच्या सहीने, खजिनदाराच्या मुलीने पैसे गोळा केले आणि मंडळाला त्याचा पत्ता नाही. चोरी म्हणतात ती याहून वेगळी कशी दिसते?

“पैसे कुठायत?”

“मॅडमना दिले शुक्रवारी. नऊ हजार चारशे. गेले पण ते बल्गेरियाला.”

“आणि पुस्तक?”

“धर्माजीआजोबांकडे. ते म्हणाले, माझ्याकडे राहू दे.”

स्वप्नील सोफ्यावर मटकन बसला. ज्या एका माणसाच्या हातात ते पुस्तक पडायला नको होतं, नेमकं त्याच्याच हातात पडलं होतं.

“बाबा, ऐक ना, आजोबांनी काय केलं माहितीये—”

“गप्प! एक शब्द बोलू नकोस. बापाचं नाव घालवलंस तू, कळतंय का तुला?”

सान्वीचा चेहरा एवढासा झाला. तिने कप तसाच ठेवला आणि आतल्या खोलीत निघून गेली.

“पोरीचं ऐकून तरी घे,” त्याची बायको रसिका स्वयंपाकघरातून म्हणाली. “मला वाटलं, पुस्तक शाळेनं दिलंय.”

“तुला काय वाटायचं ते वाटू दे. उद्या मीटिंगमध्ये मला उभं राहायचंय!”

असा बाहेर पडला तो. मनात एकच हिशेब चालला होता. अजून थोड्याच लोकांना कळलं असेल, पैसे खिशातून भरून टाकू, माफी मागू, खजिनदारकी सोडू आणि घर विकून विरारला जाऊ. घाबरलेल्या माणसाचं डोकं असंच धावतं, त्याला ब्रेक म्हणून नसतो.

आधी अंदाज घ्यावा म्हणून त्याने तिसऱ्या मजल्यावर सुलूमावशींची बेल वाजवली. मावशी रत्नागिरीकडच्या, एकट्याच राहतात, सगळ्यांशी गोड.

“मावशी, ती सान्वी पावती देऊन गेली होती...”

“हो तर! एकशे एक दिले हो मी. पावती देवाखाली ठेवलीय. बाप्पाचं चित्र आहे ना वर, कुठे टाकणार?” मावशी म्हणाल्या. “बाप्पाच्या कामात मागे राहू नये माणसाने. गोड पोर आहे तुझी. बस, चहा टाकते.”

चहा कसला घशाखाली उतरतोय! मावशींनी देवाला म्हणून दिलेले पैसे कुत्र्यांना गेले. स्वप्नील “येतो” म्हणत मागच्या पावली फिरला, खाली जाऊन गेटजवळच्या एटीएममधून साडेनऊ हजार काढले, पाकिटात कोंबले आणि नाक मुठीत धरून धर्माजींच्या दारात उभा राहिला. बेलवर बोट ठेवलं, काढलं. परत ठेवलं.

दार धर्माजींनीच उघडलं. लेंगा, बनियन, कपाळावर सरकवलेला चष्मा. “ये,” ते म्हणाले. “मला वाटलाच, तू येशील.”

टेबलावर पुस्तक होतं. रबर लावून नीट ठेवलेलं, शेजारी लाल पेन. लाल पेन बघून स्वप्नीलचा उरलासुरला धीर सुटला.

“काका, सगळे पैसे मी भरतो,” तो उभ्याउभ्याच म्हणाला. “हे घ्या, साडेनऊ हजार. पोरीला कळलं नाही, लहान आहे ती. माझं काय व्हायचं ते होऊ दे, खजिनदारकी आजच सोडतो. फक्त मीटिंगमध्ये तिचं नाव घेऊ नका.”

धर्माजींनी पाकिटाकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. “खुल्या, येड्या, बस आधी. कसले पैसे?”

“मंडळाचे... म्हणजे कुत्र्यांचे... मंडळाच्या पावतीवरचे.”

“पुस्तक बघितलास तू?”

“नाही.”

“मंग बघ की!”

स्वप्नीलने रबर काढलं. पावती फाडल्यावर पुस्तकात उरतो तो अर्धा भाग त्याने उलटला. नाव, रक्कम, आणि खाली लाल अक्षरात, सान्वीच्याच गोलगोल अक्षरात: ‘बल्गेरियातील कुत्र्यांच्या घरासाठी. मंडळाशी संबंध नाही.’ जिथे त्याची छापील जागेवरची सही होती, तिथे एक सरळ रेघ मारलेली. आणि मागे, पैसे देणाऱ्याची सही. त्याने दुसरा भाग उलटला. तेच. तिसरा, दहावा, विसावा. सगळीकडे तेच. परागच्या बायकोची गुजराती सही होती (नवऱ्याला तिने अर्धंच सांगितलं असणार), सुलूमावशींची वाकडीतिकडी होती. एकही जागा कोरी नव्हती, आणि प्रत्येक सहीखाली तारीख.

“लोकांकडच्या पावत्यांवर पन हाच लिवलाय,” धर्माजी म्हणाले. “पैल्या अकरा पावत्या फाडून झाल्या होत्या. त्या अकरा घरांत पोरींना परत धाडली. सांगा म्हटला, ह्ये देवाचे न्हायत, कुत्र्यांचे हायत. कोनाला परत पायजे तर परत द्या. कोनी घेतले न्हाय.”

“सुलूमावशींना वाटतंय गणपतीसाठी—”

“सुलूला मी सोता जाऊन सांगितला. तर ती म्हनते, कुत्र्याला घातला काय आनि बाप्पाला वाह्यला काय, मला एकच. सही केली आनि पावती देवाखाली सारली. तिला कोन काय सांगनार?”

स्वप्नीलचा जीव भांड्यात पडला. पडला म्हणजे काय, इतका वेळ छातीवर बसलेलं काहीतरी एकदम उठून गेलं आणि त्याला हसूच फुटलं. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं, ते पुसायला त्याने नेमकं पैशांचं पाकीट वर केलं. मग पाणी मागितलं आणि तांब्या एका दमात रिकामा केला.

“काका, तुम्ही मला आधी का नाही सांगितलंत?”

“सांगनार कसा? मला बघितला की तू जिन्याने पलतो.”

स्वप्नीलने पुस्तकाला रबर परत लावलं. मग त्याला राहवेना. “पण सगळी बिल्डिंग सोडून पुस्तक तुमच्यापर्यंत आलं कसं?”

“पोर घेऊन आली. वर्गनीला न्हाय, तपासून घ्यायला. म्हनाली, आजोबा, आमचं काय चुकलंय का बघा. मी म्हटला, माझ्याकडेच कशाला आलीस? तर म्हनाली, बाबा घरी रोज सांगतो, त्या धर्माजीच्या नजरेतून मुंगी सुटायची नाही.”

स्वप्नीलचे कान तापले. घरी तो हे वाक्य बोलायचा खरा, पण त्याच्या पुढे-मागे आणखी काय काय लावून बोलायचा ते त्यालाच ठाऊक.

“आणखी... काही म्हणाली का ती?”

“म्हनाली की. सगला म्हनाली.” धर्माजींनी चष्मा नाकावर घेतला. “पोरीने चांगला म्हनून सांगितला. मी पन चांगलाच म्हनून घेतला.”

मग म्हातारा आपणहूनच म्हणाला, “त्या सहाशे चालिसचा मी गच्चीवर विचारला, तो तुला राग हाय. पन समोर विचारला, तर समोरच मिटला. पाठीमागे लोक सहा हजार म्हनले असते. तुझ्या कामात मला तेवडीच एक खोट मिलाली, बाकी काय मिलाला न्हाय. हां, आता दुसरी मिलाली. कोऱ्या पावतीवर सही करून ठेवतो? गाढव हायस काय?”

“आहे,” स्वप्नील म्हणाला. इतक्या आनंदाने हा शब्द कोणी कबूल केला नसेल.

निघताना धर्माजींनी पुस्तक त्याच्या हातात दिलं. “घेऊन जा. अठ्ठावीस घरं हायत, सत्तावीस पावत्या. सत्तावीस घरांनी दिले.”

“कोणाचे राहिले? मी मागून आणतो.”

“तुझे.”

स्वप्नीलने पानं परत उलटली. खरंच, घाग नाव कुठेच नव्हतं.

“मी विचारला तिला, बापाची पावती कुठाय? म्हनाली, बाबाला वेल नसतो. मागायला गेलं की ओरडतो.” एवढं बोलून त्यांनी दार लावून घेतलं. निरोपाची पद्धत त्यांना नव्हती.

स्वप्नील जिन्याने वर आला. लिफ्ट रिकामी उभी होती, पण त्याला थोडा वेळ हवा होता. खिशात किल्ली होती तरी त्याने बेल वाजवली. रसिकाने दार उघडलं, त्याचा चेहरा पाहिला, आणि काही न विचारता बाजूला झाली. आतल्या खोलीच्या दाराशी जाऊन तो उभा राहिला. सान्वी पलंगावर भिंतीकडे तोंड करून बसली होती.

“सान्वी, चुकलं माझं. तुझं काही चुकलेलं नाही. उलट मोठ्यांपेक्षा चोख काम केलंस तू.”

ती वळली नाही.

“एका घराची वर्गणी राहिलीय म्हणे. आमच्याकडे मागायला येतेस का?”

मग ती उठली. नाक लाल झालेलं, गालावर उशीचे वळ. फ्रॉकने डोळे पुसले, त्याच्या हातून पुस्तक घेतलं आणि परक्या माणसासमोर राहावं तशी ताठ उभी राहिली. “नमस्कार. मी सान्वी घाग, सहावी ‘ब’,” ती म्हणाली. मग साशंक होऊन थांबली. “पूर्ण सांगू? सगळ्यांना पूर्ण सांगते मी. पाच मिनिटं लागतात.”

बाहेरच्या खोलीत स्वप्नीलचा मोबाइल वाजत होता. तो तसाच वाजू देत स्वप्नीलने खाली बसकण मारली.

“पूर्ण सांग,” तो म्हणाला.