वेवेनं लपवलेले फोटो

तिन्हीसांजेला मार्गोनोच्या घरात जो गलका उठला, तो ऐकून वाटेनं जाणाऱ्याला वाटावं, कुणाचं तरी पोर हरवलंय. पत्र्याचे डबे, कढया, झारे, सुपं, जे हाताला लागेल ते घेऊन अर्धं गाव बाहेरच्या खोलीत दाटलं होतं आणि दणादण बडवत होतं. पोनोरोगोच्या बाजूला ही रीतच आहे. संध्याकाळी पोर दिसेनासं झालं, की ते वेवेनं उचललं असं समजायचं. बांबूच्या बनात राहणारी ही बया दुसऱ्यांची लेकरं कुशीत लपवते आणि डब्यांच्या गोंगाटाला वैतागून सोडून देते, असं म्हणतात. पण आज घोळक्याच्या मधोमध ठेवलेला होता एक कॉम्प्युटर.

त्यावर काळं फडकं टाकून, भोवती ऊद जाळून, फडक्यात डोकं खुपसून बसले होते म्बाह विरो. म्बाह म्हणजे आजोबा. वय जेमतेम चाळीस, पण सिद्धपुरुषाला वय कोण विचारतो? सुराबाया शहरात कॉम्प्युटरच्या दुकानात काही वर्षं काढून ते गावी परतले, तेव्हा त्यांना एकाएकी दिव्यदृष्टी लाभलेली होती. गळ्यातल्या लाल कापडात गुंडाळलेला पेन ड्राइव्ह त्यांनी आधी मशीनला लावला होता आणि त्यातला जुना मंत्र मोठ्या आवाजात सुरू केला होता.

“वाजवा! हात दुखले तर दुखू द्या!” ते फडक्याखालून ओरडले. “बया जुनी आहे, डचांच्या काळातली! अँटीव्हायरस बघून हसते ती!”

“हसते?” शेजारच्या तुकिरानं विचारलं.

“खदाखदा! तुम्हाला ऐकू येत नाही, हे तुमचं नशीब!”

मग त्यांनी फडकं ओढलं आणि खोली एकदम गप्प झाली. पडद्यावर लिंतांग होती, पुढचा दात पडलेली, हातात उकडलेलं कणीस घेतलेली. तिच्या आईनं, विजीनं, हातातली कढई खाली टाकली आणि पडद्याला गाल लावून ती ढसाढसा रडली. बायाही रडल्या. दाराशी उभ्या मार्गोनोच्या, तिच्या बापाच्या, डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्याला त्याची लाज वाटली नाही.

लिंतांग मागच्या पावसाळ्यात डेंग्यूनं गेली. सात वर्षांची होती. मामानं तैवानहून आणलेल्या कॅमेऱ्यानं तिचे फोटो काढायचे, कॉम्प्युटरमध्ये उतरवायचे, कॅमेऱ्यातले पुसून पुन्हा नवे काढायचे, असं चाललं होतं. कागदावर एकही काढून घेतला नव्हता. घाई काय होती? विजी सकाळी सोयाबीनचं तेम्पे तळून विकायची आणि दुपारी त्या फोटोंपुढं जाऊन बसायची. मग एक दिवस फोल्डर उघडेना. त्यावर क्लिक केलं, की मशीन आपोआप बंद पडायचं. पुन्हा सुरू झालं, की फोल्डर दिसायचं, पण आत फोटो नाहीत. पोर एकदा गेली होती, ती दुसऱ्यांदा गेली.

म्बाहनी आणलेले फोटो चार दिवस टिकले आणि पुन्हा गेले. पुन्हा डबे वाजले, ऊद जळला, फोटो आले. या वेळी दोन दिवस टिकले. तिसऱ्या खेपेला म्बाह घामाघूम झाले तरी काही येईना. डबे बडवणाऱ्यांचे हात थकले, एकदोघं जांभया देऊ लागले. आता अब्रूचा प्रश्न होता.

“बया फारच चिवट निघाली,” म्बाह उठून म्हणाले. “सुरो महिना लागलाय. या पवित्र महिन्यात आपण वाडवडिलांच्या कट्यारी कशानं धुतो?”

“लिंबानं,” लोक म्हणाले. “आणि फुलांच्या पाण्यानं.”

“मग? या मशीनच्या काळजाला विष चढलंय. बाहेर काढा आणि धुवा!”

मार्गोनो पुढं आला. “म्बाह, रागावू नका. शाळेतल्या बाई, बू हार्ताती, ट्रेनिंगला गेल्यात, उद्या येतील. त्या मुलांना कॉम्प्युटर शिकवतात. एकदा त्यांना विचारू.”

“विचारा की! गणिताच्या बाई ना त्या? वेवेला पाढे म्हणून दाखवतील!”

सगळे खो खो हसले. विजी हसली नाही. ती नवऱ्याकडं वळली. “कांग, तुम्ही थांबाल. माझ्यानं नाही थांबवत. त्या टेकडीवर मातीत ठेवून आले मी तिला. आता ही बया कुशीत घेऊन बसलीय, आणि मी उद्याची वाट बघू?”

बुडत्याला काडीचा आधार म्हणतात. काडी पोकळ आहे, हे बुडणाऱ्याला सांगायचं कसं? मार्गोनोनं आपल्या टायरच्या दुकानातून स्क्रूड्रायव्हर आणले. त्यानं खोकं उघडलं, आतली हार्ड डिस्क काढली, तिचं झाकण जोर लावून उचकटलं. आत आरशासारखी लखलखीत चकती होती.

“बघा! वेवेचा आरसा!” म्बाह गरजले. “सगळं हिनं यातच दडवलंय!”

त्यांच्या साऱ्या बडबडीत तेवढं शेवटचं वाक्य खरं होतं, आणि तेच कुणाला कळलं नाही.

“मी धुते,” विजी म्हणाली. तिनं चकती मांडीवर घेतली. अर्धं लिंबू आणि चुलीतली राख घेऊन ती घासू लागली, पोरीचं अंग चोळावं तशी हळूहळू, कडेपासून मधोमध. मग फुलांचं पाणी ओतलं. चकतीत तिला स्वतःचाच चेहरा दिसत होता. सगळं पुन्हा जोडल्यावर मशीन थोडं कटकटलं आणि पडदा काळा राहिला.

“शांत झाली बया,” म्बाह म्हणाले. “चाळीस दिवस हात लावू नका.” आणि ते चहा न घेताच गेले.

दुसऱ्या दिवशी बू हार्ताती आल्या, त्या थेट मुखियाच्या घरी. त्याच्याही कॉम्प्युटरला हीच बाधा होती आणि गावाचे दाखले अडले होते. मार्गोनो तिथं धावला. म्बाह आधीच येऊन बसले होते, बघ्यांची दाटी होती.

बाईंनी स्वतःची सीडी घालून मशीन तिच्यावरून सुरू केलं. “म्हणजे आतला व्हायरस जागाच होत नाही,” त्या म्हणाल्या. मग काळ्या पडद्यावर एक ओळ लिहिली, आणि हरवलेले दाखले एकेक करून समोर आले. ना डबा, ना ऊद.

“कुठून आणले?” मुखियानं विचारलं.

“कुठून आणायचे? इथंच होते. हे भूत नाही, कुणीतरी बसून लिहिलेला प्रोग्रॅम आहे. हा खऱ्या फोल्डरवर लपवल्याची खूण करतो आणि त्याच नावाचा, त्याच तोंडवळ्याचा तोतया पुढं बसवतो. तुम्ही तोतयाला बोट लावलंत, की हा पुन्हा जागा.”

“मग म्बाह फडक्याखाली काय करायचे?” तुकिरानं विचारलं.

“लपलेलं दाखव, असं मशीनला सांगता येतं. दोन क्लिकचं काम. पण व्हायरस आत तसाच राहतो, तो पुन्हा लपवतो. मग पुन्हा म्बाहना बोलवा.” त्यांनी तोतये पुसले आणि मशीन सुरू होताच व्हायरसला उठवणारी नोंदही काढून टाकली. मग हात पुढं केला. “म्बाह, तुमचा ताईत द्या जरा.”

“परक्या हाताला चालत नाही तो! भाजून निघाल!”

“द्या,” मुखिया म्हणाला.

लाल कापडातला पेन ड्राइव्ह लागला, मंत्र सुरू झाला, आणि बघता बघता साफ केलेलं मशीन बंद पडून पुन्हा उठलं. दाखले गायब.

“ही तुमची वेवे,” बाई म्हणाल्या. “म्बाहच्या गळ्यात लटकून घरोघर जाते.”

ताईत काढून घेऊन म्बाह दाराकडं सरकले. तुकिरा मात्र म्हणाला, “असेल बुवा. पण माझ्या शेळीचा ताप यांच्याच पाण्यानं उतरला होता.” दोघातिघांनी माना डोलावल्या.

मार्गोनोला ते ऐकू आलं नाही. तो घरी गेला, हार्ड डिस्क फडक्यात बांधून घेऊन आला. बाईंनी फडकं सोडलं, झाकण काढलं, ओरखडलेली, लिंबाच्या वासाची चकती पाहिली आणि त्या खुर्चीवर बसल्या.

“बू, यातले फोटो?”

“नाही हो, मार्गोनो. आता कुणालाच नाही जमायचं.”

“पण काल होते?”

“होते. सगळे होते.”

त्यानं घरी जाऊन विजीला सगळं सांगितलं. लपवायचं म्हटलं असतं, तर लपवता आलं असतं. पण लपवाछपवीनंच हे झालं होतं. विजीनं शांतपणे ऐकलं.

“डबे वाजवत होतो, तेव्हा ती आतच होती?”

“हो.”

“आणि मी लिंबू लावलं तेव्हा?”

रोग लपवत होता, मारलं ते औषधानं. मार्गोनो तिच्याशेजारी जमिनीवर बसून राहिला.

महिनाभरानं, तिन्हीसांजेलाच, भातशेतांच्या पलीकडच्या गावातून डब्यांचा आवाज आला. विजी उठली, भिंतीवर अडकवलेली चकती काढली आणि बांधावरून चालू लागली. मार्गोनो मागं धावला. तिथंही काळं फडकं होतं, ऊद होता, फडक्याखालून तोच आवाज येत होता. एक तरणी बाई डोळे मिटून सूप बडवत होती. विजीनं तिचा हात धरला.

“काय हरवलंय ते तिथंच असेल. शाळेत एक बाई आहेत, त्यांना विचार. उद्यापर्यंत थांब. मी थांबले नाही. हे बघ, यात माझी लेक होती.”

त्या बाईनं चकतीत पाहिलं. तिला स्वतःचा चेहरा दिसला आणि ती दचकून मागं सरली.

“हिलाच झपाटलंय!” कुणीतरी ओरडलं. “वाजवा, जोरात वाजवा!”

विजी चकती धरून तिथंच उभी राहिली. “थांबा,” ती म्हणत होती, “एक दिवस थांबा, कळणाऱ्या माणसाला विचारा.” मार्गोनो तिच्या अगदी शेजारी होता, तरी डब्यांच्या आवाजात त्यालाही तिचे फक्त ओठ हललेले दिसत होते.