चौथी रेघ

माझी जीभ तिखट आहे, हे वॉर्डात सगळ्यांना माहीत होतं. नव्याने लागलेल्या त्या नर्स पोरीला 'घोकंपट्टी' हे नाव मीच ठेवलं. इंजेक्शन देण्याआधी ती पेशंटचं नाव, औषध, डोस, वेळ सगळं पुटपुटायची. बाटली तीनतीनदा वाचायची. "अगं, तुझं वाचून होईपर्यंत पेशंट बरा होऊन घरी जाईल," असं मी म्हटलं की सगळ्या हसायच्या. तीही हसायची.

इन्सुलिन आमच्याकडे दोघींनी तपासायचं असतं. एकीने भरायचं, दुसरीने बाटली आणि सिरिंज हातात घेऊन बघायचं, मगच दोघींच्या सह्या. नव्या मुलींना हा नियम मीच शिकवायचे, तोही दम देऊन.

त्या दुपारी इन्सुलिनच्या सिरिंजा संपल्या होत्या आणि मी फोनवर स्टोअरच्या माणसाला फैलावर घेत होते. तेवढ्यात घोकंपट्टी ट्रे घेऊन आली.

"ताई, खिडकीजवळच्या शिंपीकाकांचं. चार युनिट. साध्या सिरिंजमध्ये भरलंय, पहिल्यांदाच. एकदा बघता?"

मी फोन खांद्याशी दाबला, तिच्या हातातला कागद ओढला आणि सही ठोकली. "बघितलं. पळ आता, त्यांचं जेवण आलंय." ट्रेकडे मी ढुंकूनही पाहिलं नव्हतं.

साध्या सिरिंजवर युनिटच्या खुणा नसतात. आमच्या बाटलीतलं चार युनिट म्हणजे तिथे जेमतेम पहिली रेघ. तिने चौथ्या रेघेपर्यंत भरलं होतं, म्हणजे चौपट. मी नुसती नजर टाकली असती तरी कळलं असतं. तिला शंका होती म्हणूनच तर ती माझ्याकडे आली होती.

तासाभरात शिंपीकाका घामाने निथळले, बोलेनासे झाले. शिरेतून ग्लुकोज गेल्यावर त्यांनी डोळे उघडले, तेव्हा कुठे माझ्या जिवात जीव आला. तिसऱ्या दिवशी ते चालत घरी गेले.

मग चौकशी बसली. पोरगी अजून कायम झालेली नव्हती, आणि माझ्या निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. मी खरं बोलले असते तर माझ्यावर ठपका आला असता, पण तिची नोकरी वाचली असती.

"तुम्ही सिरिंज बघितली होती?" मेट्रनबाईंनी विचारलं.

"बघितली. तेव्हा औषध पहिल्याच रेघेवर होतं," मी म्हटलं.

आता ही मला तोंडावर पाडणार, असं वाटलं. तिने माझ्याकडे पाहिलं, पण रागाने नाही. ती खरंच आठवायला लागली.

"मग... हवेचा बुडबुडा काढताना मी परत जास्त भरलं असेल," ती हळूच म्हणाली. "ताईंना एका नजरेत कळतं. त्या म्हणतात तर तसंच असणार."

तेव्हाही तोंड उघडता आलं असतं. मी टेबलावरच्या पेनाकडे बघत बसले.

त्याच आठवड्यात तिला काढलं. जायच्या दिवशी धुऊन इस्त्री केलेले गणवेश परत करायला ती आली. सगळ्यांना भेटली आणि शेवटी माझ्यापाशी येऊन उभी राहिली. डोळे सुजलेले होते.

"ताई, माझ्यामुळे तुम्हाला उगाच चौकशीत उभं राहावं लागलं. माफ करा मला."

"जाऊ दे गं," मी म्हटलं. "होतं असं कधीकधी."

तिने माझी माफी मागितली, आणि मी ती दिलीसुद्धा.