सातव्या गोळीचं माप

थोरलीला धाकटीचा हेवा वाटतो हे घरात सगळ्यांना माहीत होतं. माहीत नव्हतं ते फक्त थोरलीला. ती त्याला काळजी म्हणायची. "एवढ्या लवकर एवढं सगळं अंगावर घेतलंय तिनं, मला आपली काळजी वाटते," ती नवऱ्याला सांगे. नवरा शाळेत गणित शिकवायचा. वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता तो म्हणे, "हो, काळजी किती आहे ते तुझ्या कपाळावरच्या आठ्यांवरून कळतंच."

दोघी सख्ख्या जावा आणि दोघी रेडिओलॉजिस्ट, म्हणजे स्कॅन वाचणाऱ्या डॉक्टर. एकाच इमारतीत थोरली तिसऱ्या मजल्यावर राहायची आणि धाकटी दुसऱ्या. सासूबाई सकाळचा चहा वर घ्यायच्या, संध्याकाळचा खाली, आणि एका चहाची बातमी दुसऱ्या चहापर्यंत ताजी ठेवायच्या. "खालच्या डॉक्टरांचं भाषण झालं म्हणे काल," त्या कपात फुंकर घालत सांगायच्या. आठ वर्षांपूर्वी धाकटी लग्न होऊन आली, तोपर्यंत या घरात डॉक्टर म्हटलं की एकच होती आणि तिला वरची-खालची असं काही म्हणावं लागत नव्हतं.

थोरलीचं नाव होतं ते तिच्या नजरेसाठी. बावीस वर्षं ती अंधाऱ्या खोलीत पडद्यासमोर बसून छात्या वाचत आली होती. सर्जन मंडळी दुसऱ्या इस्पितळातले स्कॅनसुद्धा तिच्याकडे पाठवायची. फुप्फुसातली चार मिलीमीटरची गाठ तिला चहा पिता पिता दिसायची. या नजरेवर ती जगत होती म्हटलं तरी चालेल.

मोजमापाचे नियम लिहिणाऱ्या गुरुवारच्या मंडळींत ती गेली ती एका रोग्यामुळे. त्याची गाठ तिनं मोजली होती नऊ मिलीमीटर. पुढे तो दुसऱ्या गावी गेला, तिथल्या डॉक्टरनं ती मोजली अकरा. गाठ वाढली, औषध लागू पडत नाही, असं समजून औषध बंद केलं. खरं तर गाठ होती तेवढीच होती. बदललं होतं ते मोजणारं इस्पितळ. हे कळेपर्यंत चार महिने गेले आणि त्या चार महिन्यांत गाठ खरोखरच वाढली. थोरली दोन दिवस नीट जेवली नाही.

एका निवृत्त प्राध्यापकांनी तेव्हा नुकतीच माणसं जमवायला सुरुवात केली होती. डॉक्टर, भौतिकशास्त्रज्ञ, यंत्र चालवणारे तंत्रज्ञ, यंत्र बनवणाऱ्यांचे इंजिनिअर. दर गुरुवारी पाच वाजता विद्यापीठातल्या एका खोलीत बसायचं, आणि गाठ कुठेही मोजली तरी माप एकच यावं असे नियम लिहायचे. कुणाला छदाम मिळत नव्हता, चहासुद्धा ज्यानं त्यानं घरून आणायचा. प्राध्यापकांना सगळे पाठीमागे फूटपट्टी म्हणत, कारण त्यांचा संशय नेहमी आकड्यांवर असे, माणसांवर कधीच नसे.

धाकटीला या मंडळींत आणलं कुणी? थोरलीनंच. "चल गं, चार माणसं ओळखीची होतील," असं म्हणून स्वतःच्या गाडीतून नेलं. पहिले सहा महिने धाकटी मागच्या खुर्चीत बसून वहीत टिपत राहिली. सातव्या महिन्यात ती चिटणीस झाली. मग इतिवृत्त ती लिहायला लागली, तक्ते ती करायला लागली, आणि फूटपट्टी "बाईंना विचारा" म्हणाले की थोरली आपली मान वर करायची आणि सगळे बघत असायचे धाकटीकडे. असं तीनदा झालं. चौथ्यांदा थोरलीनं मान वर केली नाही, पण अंगाचा तिळपापड व्हायचा तो झालाच.

वाईट म्हणजे धाकटी वाईट नव्हती. उद्धट असती, वरचढपणा करत असती, तर निदान तोंड भरून बोलता तरी आलं असतं. ती प्रत्येक बैठकीत "ताईंकडूनच शिकले हे" म्हणायची, आणि ते ऐकलं की थोरलीला वाटायचं, म्हणजे आता शिकून झालं तर.

त्या वर्षी मंडळींनी ठरवलं की नियमाबरोबर एक माणूसही हवा. ज्याचं मोजमाप प्रमाण धरायचं आणि ज्याच्या हाताखाली सगळ्या इस्पितळांतल्या वाचकांनी शिकायचं, असा प्रमाण वाचक. निवड परीक्षेनं होणार होती. एका कारखान्यानं प्लास्टिकचा छातीएवढा बाहुला बनवून दिला. आत स्पंजची फुप्फुसं आणि त्यांत लपवलेल्या दहा गोळ्या. बाहुला पेटीतून पाच इस्पितळांत फिरणार, प्रत्येक ठिकाणी त्याचा स्कॅन होणार, तिथला वाचक दहाही गोळ्या मोजणार, आणि आठवड्यानं पुन्हा मोजणार. मधे पडद्यावरच्या रेघा पुसून टाकायच्या, म्हणजे पहिलं माप बघून दुसरं लिहायला नको. खरी मापं बंद पाकिटात फूटपट्टींच्या कपाटात.

पेटी पहिल्यांदा थोरलीकडे आली, मग धाकटीच्या इस्पितळात जाणार होती.

थोरलीनं पहिल्यांदा मोजलं ते अगदी चोख. दार लावून, फोन बंद करून. सातवी गोळी जरा अवघड होती, कडेच्या भिंतीला लागून. तिनं दोनदा बघितलं आणि लिहिलं, ८.९.

आठवड्यानं दुसऱ्या मापासाठी बाहुला बाहेर काढताना पेटीच्या झाकणातला स्पंज सुटला आणि मागून एक चिठ्ठी निघाली. वर कारखान्याचं नाव, खाली एकाखाली एक दहा आकडे. कुणाच्या तरी विसराळूपणानं तिथे राहिलेली.

तिथल्या तिथे फूटपट्टींना फोन करायला हवा होता. तिनं फोन उचललासुद्धा. मग तिला वाटलं, एकदा बघून तर घेऊ. तिनं आपला तक्ता शेजारी ठेवला. नऊ गोळ्या जुळल्या, फार तर एक-दोन दशांशाचा फरक. सातवी मात्र चिठ्ठीत होती १०.०.

एक पॉइंट एक मिलीमीटर! एवढं तर शिकाऊ पोरंही चुकत नाहीत. पन्नाशी जवळ आली, नजर चालली, हे तिला एकदम खरंच वाटलं. आणि त्याच क्षणी डोळ्यांसमोर आली धाकटी, आपल्या स्वच्छ तरुण डोळ्यांनी सातव्या गोळीपुढे दहा लिहिणारी. मग सासूबाई, कपात फुंकर घालत: खालच्या डॉक्टर पहिल्या आल्या म्हणे.

तिनं पुन्हा सातवी गोळी पडद्यावर आणली. अशा गोळीची कड काही सुरीनं कापल्यासारखी नसते. पांढरं संपतं, करडं सुरू होतं, मग काळी हवा. रेघ कुठे थांबवायची हे शेवटी हातानं ठरवायचं असतं. थोरलीचा हात करड्याच्या पार पलीकडे गेला. ९.९ आलं. तिनं तेच लिहिलं. नेमकं दहा लिहिण्याइतकी ती भोळी नव्हती. मग पहिला तक्ता फाडला आणि नवा लिहिला, त्यात सातवीपुढे १०.१. चिठ्ठी मात्र तिनं पेटीत परत ठेवली नाही. पेटी पुढे धाकटीकडे जाणार होती आणि तिला ती चिठ्ठी सापडावी हे काही थोरलीला सोसणारं नव्हतं. पर्सच्या आतल्या कप्प्यात चिठ्ठी गेली आणि चेन लागली.

दोन महिन्यांनी, पाचही तक्ते आल्यावर, गुरुवारी पाकीट फुटलं. फूटपट्टींनी चष्मा पुसला आणि सांगितलं, "ही मापं गोळ्या तयार झाल्यावर प्रयोगशाळेत घेतलेली आहेत. कारखान्यानं काय बनवायचं ठरवलं होतं त्याच्याशी आपल्याला कर्तव्य नाही." मग एक एक आकडा वाचत गेले. सहाव्या गोळीपर्यंत थोरली सगळ्यांच्या पुढे होती. धाकटी वळून तिच्याकडे बघून हसलीसुद्धा.

"सात," फूटपट्टी म्हणाले. "आठ पॉइंट नऊ."

फळ्यावर पाच वाचकांची मापं लिहिलेली होती. ८.८, ९.२, ८.७, ९.०. आणि थोरलीचं १०.०, दोन्ही मापांची सरासरी. एका इंजिनिअरनं थर्मासचं झाकण उघडून पुन्हा लावलं.

"ताई असं चुकणार नाहीत," धाकटी म्हणाली. "लिहिताना काही घोटाळा झाला असेल. आपण ताईंचा स्कॅन पुन्हा काढून बघू या ना, सर."

"नको," थोरली घाईनं म्हणाली. "माझीच नजर चुकली."

हे वाक्य तिच्या तोंडून याआधी कुणी ऐकलं नव्हतं. फूटपट्टी हळहळले. "सातवी सोडली तर तुम्हीच पहिल्या होता, डॉक्टर," असं म्हणून त्यांनी तिच्या जखमेवर न कळत मीठ चोळलं आणि दहाही गोळ्या मिळून आता पुढे आलेल्या धाकटीचं नाव प्रमाण वाचक म्हणून लिहून घेतलं.

थोरली स्वच्छतागृहात गेली, कडी लावली आणि पर्समधून चिठ्ठी काढली. आकड्यांच्या वर बारीक अक्षरात छापलं होतं, "मागणी". खाली तारीख होती, बाहुला तयार होण्याच्या सहा महिने आधीची. कारखान्याला दहाची गोळी करायची होती. घासता घासता झाली होती आठ पॉइंट नऊची. चहा पिता पिता चार मिलीमीटरची गाठ टिपणाऱ्या बाईंनी हातातल्या कागदावरचा एक शब्द वाचला नव्हता. पहिल्या दिवशी तिनं बरोबर लिहिलं होतं, पाच जणांत सर्वांत बरोबर, आणि स्वतःच्या हातानं ते फाडून टाकलं होतं.

घरी बातमी तिच्या आधी पोचली. दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाई चहाला आल्या त्या नेहमीपेक्षा मोठ्यानं बोलत, जणू काही नजर गेली की कानही जातात. नवऱ्यानं टेबलावरचा दिवा बदलला. आणि धाकटीनं डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळच घेऊन ठेवली.

"मी येते सोबत," ती म्हणाली. "थेंब घातले तर गाडी कशी चालवाल तुम्ही?"

नाही म्हणायला कारण नव्हतं. थोरली हनुवटी टेकवून बसली. डॉक्टरांनी अक्षरांचा तक्ता लावला आणि ती वरपासून खालपर्यंत वाचत गेली. शेवटच्या ओळीखाली छापखान्याचं नाव होतं, तेही वाचलं.

"तुम्ही आलात कशाला?" डॉक्टर हसले. "या वयात इतकी स्वच्छ नजर मी वर्षात दोनदा बघतो."

बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर दोघी बसल्या. धाकटीनं वही काढली. थोरलीला वाटलं, आता ही विचारणार. पण धाकटीच्या मनात ते नव्हतंच.

"म्हणजे सर म्हणतात ते खरं," ती म्हणाली. "नजर उत्तम असली तरी तज्ज्ञ माणूस एवढा चुकू शकतो. मग मर्यादा वाढवायलाच हवी. आपण एक मिलीमीटर धरली होती, आता दोन करते. तेवढ्यापर्यंत वाढलेली गाठ वाढली असं समजायचं नाही. ताईंनाच जिथे चुकलं, तिथे बाकीच्यांचं काय?"

ती लिहायला लागली. थोरली तिच्या पेनाकडे बघत राहिली. नऊची गाठ पावणेअकरा होईल, खरोखर होईल, आणि कुठल्या तरी इस्पितळात कुणी तरी हा नियम उघडून म्हणेल, वाढ नाही, औषध चालू ठेवा. चार महिने. तिला तो रोगी आठवला, त्याचा चेहरा नाही, गाठ आठवली.

"थांब," ती म्हणाली.

पर्सची चेन उघडायला तिला फार वेळ लागला. चिठ्ठी तिनं धाकटीच्या वहीवर ठेवली आणि सगळं सांगितलं. झाकणातला स्पंज, फाडलेला तक्ता, आणि पेटी तिच्याकडे जाण्याआधी चिठ्ठी का काढून घेतली तेही. "तुझा हेवा वाटला मला," ती म्हणाली. "काळजी नव्हे. हेवा."

धाकटीनं चिठ्ठी वाचली. 'मागणी' हा शब्द आधी वाचला, तारीखही वाचली. ती रागावेल, रडेल, समजावेल, अशी थोरलीची तयारी होती. धाकटीनं फक्त विचारलं, "फाडलेल्या तक्त्यात सातवीचं किती होतं?"

"आठ पॉइंट नऊ."

"मी नऊ पॉइंट दोन लिहिलं होतं," धाकटी हळूच म्हणाली.

आणि तिच्या चेहऱ्यावरून काहीतरी सरकून गेलं. ओठ जरासे आवळले गेले, नजर क्षणभर थोरलीच्या डोळ्यांवर रुतली आणि बाजूला झाली. दुसऱ्या कुणाला ते दिसलंही नसतं. थोरलीनं ते पाहताक्षणी ओळखलं. आठ वर्षं रोज सकाळी ती ते आरशात बघत आली होती.

"लिही," ती म्हणाली. "माझं माप रद्द, आणि का ते. मर्यादा एकच मिलीमीटर ठेव."

"तुमचं नाव घालून?"

"नाव घालून."

धाकटीनं 'दोन' खोडलं आणि लिहायला लागली. वही तिच्या मांडीवरून घसरत होती, म्हणून थोरलीनं ती पलीकडून धरून ठेवली.