भिंतीपलीकडे गेलेला आवाज

ही घरघर ऐकू येतेय ना, ती माझीच. मी सेमिसीच्या खोलीतला जुना कॉम्प्युटर. टोंगातल्या या वावाऊ बेटावरच्या खाऱ्या हवेने माझी पेनड्राइव्ह लावायची भोकं केव्हाच गंजली. दम आहे तोवर बोलून घेतो.

ऑकलंडहून मी बोटीने आलो, डबाबंद मांसाच्या खोक्यांना खेटून. मला खरं वापरलं ते सेमिसीच्या आईने, वाइमोआनाने. चर्चमधलं गायन तीच बसवायची. स्वतः रचलेल्या एका स्तोत्राचे चारही आवाज तिने एकटीनेच गाऊन माझ्यात साठवले. पुरुषांचा खालचा सूर लावताना तिला खोकला यायचा, तोही माझ्याकडे आहे. कागदावर मात्र तिने काही उतरवलं नाही.

ती गेली, त्याला वर्ष झालं. रविवारी चर्चमध्ये तेच स्तोत्र म्हणायचं ठरलं आणि बसवून घ्यायचं काम तिच्या मुलीकडे, लेसिएलीकडे आलं. नेमकी शनिवारी माझी डिस्क कुरकुरायला लागली. रविवारी तर इथे कोणी कामाला हात लावत नाही.

लेसिएली भिंतीपलीकडच्याच खोलीत, तिच्या लॅपटॉपपाशी होती. पण इथे मोठे झालेले बहीणभाऊ एकमेकांच्या खोलीत पाऊल टाकत नाहीत, वस्तूंना हात लावत नाहीत, समोरासमोर थट्टा करत नाहीत. मान राखायचा तो असा. त्यामुळे घरातल्या नेटवर्कवरून फाइल पाठवणं, एवढीच वाट उरली होती.

सेमिसीने माझं फोल्डर सगळ्यांसाठी खुलं केलं. दोन दारांच्या मधे सेलू आत्या अळूची पानं निवडत बसली होती.

"आत्या, दिसतंय का विचार तिला."

"काही दिसत नाही म्हणते."

"पुन्हा बघायला सांग ना."

"तिचे डोळे चांगले आहेत, बाबा. तुझंच काहीतरी चुकलंय."

माझ्या पोटात खरखर झाली. मी घाबरलो. मी गेलो तर वाइमोआनाही दुसऱ्यांदा जाणार होती.

सेमिसीने कपाळाला हात लावला. "आत्या, राउटर बसवला तेव्हा मीच तिला पाहुण्यांच्या वायफायवर ठेवलं. तिच्या फाइलींची नावंसुद्धा मला दिसायला नकोत म्हणून. तिथून घरातला दुसरा कॉम्प्युटर दिसतच नाही."

"मान ठेवलास, बरं केलंस. पण सख्ख्या बहिणीला घरातच पाहुणी करून ठेवलीस की रे. सांग आता घरच्या वायफायचा पासवर्ड."

आत्याच्या शब्दापुढे या घरात कोणाचं चालत नाही. पासवर्ड तिच्या तोंडून पलीकडे गेला.

"दिसतंय," भिंतीआडून लेसिएली म्हणाली.

मी अडखळत, धापा टाकत एकेक सूर पलीकडे सोडला. शेवटचा गेला आणि जीव भांड्यात पडला.

मग तिकडून वाइमोआना गाऊ लागली. मधेच थांबून म्हणाली, "लेसिएली, घाई करू नकोस. आणि सेमिसी, तू नुसते ओठ हलव."

भिंतीच्या दोन्ही बाजूंना एकदमच हसू फुटलं. या दोघांना असं एकत्र हसताना मी कधी ऐकलं नव्हतं.

आता एकच मागणं आहे. मला बंद करा, आणि चालतोय का बघू म्हणून पुन्हा बटण दाबू नका. जपायचं होतं ते पोचलं.